जाईबाईंची शाळा

1922 साली नागपुरात संत चोखामेळा कन्याशाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षी, 1923 मध्ये, नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. शहराचा शैक्षणिक इतिहास लिहिणारे बहुधा दुसऱ्या तारखेपासून सुरुवात करतात आणि त्यात वावगे काही नाही, विद्यापीठ ही मोठीच गोष्ट. पण न्यू कॉलनीतल्या त्या मुलींच्या शाळेने हाती घेतलेले काम विद्यापीठाच्या कक्षेतही नव्हते. ज्या घरांत कधी पाटी आली नव्हती, त्या घरांतल्या मुली तिने वर्गात आणून बसवल्या. हे करणाऱ्या बाई स्वतः महार समाजातल्या, डोक्यावर ओझी वाहून पोट भरलेल्या. चार रुपये पगारावर मास्तरीण झालेल्या, आणि ती नोकरीही जातीपायी गेलेली. जाईबाई चौधरी त्यांचे नाव.

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे सहसा इमारतीचा इतिहास लिहिला जातो. भूमिपूजन कोणाच्या हस्ते झाले, कोनशिलेवर कोणाचे नाव, वरचा मजला कोणाच्या देणगीतून चढला, असे सगळे ओळीने येते. या शाळेचा इतिहास त्या साच्यात बसत नाही. तिचा पाया एका बाईच्या पायपिटीत आहे, म्हणून त्या बाईंपासूनच सुरुवात केलेली बरी.

जाईबाईंचा जन्म 1892 चा, उमरेडचा. नागपूरच्या आग्नेयेला पन्नासेक किलोमीटरवरचे हे गाव आज कोळशाच्या खाणींमुळे आणि कऱ्हांडल्याच्या अभयारण्यामुळे लोकांना ठाऊक आहे. 1896 मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला आणि त्या तडाख्यात जाईबाईंच्या घरच्यांनी उमरेड सोडून नागपूर गाठले. ती त्यांच्या एकट्या कुटुंबाची गोष्ट नव्हती. त्या दुष्काळातून उठतो न उठतो तोच 1899 चा, जुन्या लोकांच्या तोंडी असलेला 'छप्पन्नचा' दुष्काळ आला. खेड्यातल्या महारवाड्यांतून माणसे नागपूरकडे सरकत राहिली. नागपुरात 1877 पासून टाटांची एम्प्रेस मिल चालू होती, रेल्वे होती, कामठीला लष्कराची छावणी होती. गावात वेठ आणि बलुते, तर शहरात निदान हातावर पडणारी रोजची मजुरी. नागपूरच्या दलित चळवळीची माणसे पुढे ज्या वस्त्यांतून आली, त्या वस्त्या अशाच भरत गेल्या.

1901 साली, वयाच्या नवव्या वर्षी, जाईबाईंचे लग्न बापूजी चौधरी यांच्याशी झाले. सासरही गरीबच. घर चालवायला त्यांनी हमाली पत्करली आणि नागपूर ते कामठी सामान वाहून नेण्याचे काम केले. हे अंतर पंधराएक किलोमीटरचे. आज कामठी रोडने मेट्रोखालून गाडीत अर्ध्या तासात पोचणाऱ्याला त्याचा अंदाज येणार नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दुसऱ्याचे बोचके नाहीतर ट्रंक, उन्हाळ्यात पायाखाली तापलेला मुरूम. विदर्भातल्या मे महिन्यात सकाळी दहानंतर हा रस्ता पायी तुडवून पाहावा म्हणजे हमाली म्हणजे काय ते कळेल. त्या काळी बायांनी ओझी वाहणे ही नवलाईची गोष्ट नव्हती. ओझे वाहणाऱ्या बाईने पुढे मुख्याध्यापिका होणे, ही होती.

ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी सिस्टरची नजर जाईबाईंवर पडली आणि त्यांनी या हमाल बाईला मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून काम दिले. पगार महिना चार रुपये. रकमेपेक्षा हा पालट मोठा होता. काल ज्या बाईच्या डोक्यावर ओझे होते तिच्या हाती आज खडू आला, तिच्यासमोर मुले बसली आणि ती 'बाई' झाली. पण हे सुख फार टिकले नाही. आपल्या मुलांना शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे सवर्ण पालकांना कळले आणि त्यांनी शाळेवर बहिष्काराचे हत्यार उपसले. जाईबाईंना नोकरी सोडावी लागली.

जाईबाईंची चरित्रे थोडक्यात सांगणारे हा प्रसंग दोन वाक्यांत उरकतात आणि लगेच शाळेच्या स्थापनेकडे वळतात. मला वाटते, इथे थोडे थांबायला हवे. बहिष्कार घालणाऱ्या पालकांची तक्रार शिकवण्याबद्दल नव्हती. बाईंना येत नाही, बाई मारतात, बाई वेळेवर येत नाहीत, असे कोणी म्हटले नव्हते. अक्षर तेच, पाढे तेच, फक्त शिकवणाऱ्या बाईची जात कळली. म्हणजे विद्या मिळवली की मान मिळतो, हा त्या काळच्या सुधारकांचा आवडता सिद्धांत जाईबाईंच्या बाबतीत भर वर्गात खोटा ठरला होता. तरीही त्यांनी विद्येकडे पाठ फिरवली नाही. दुसऱ्याच्या शाळेत आपल्याला केव्हाही उठवता येते, तेव्हा शाळाच आपली असली पाहिजे, असा सरळ व्यवहारी निष्कर्ष त्यांनी काढला असावा, असे त्यांच्या पुढच्या वागण्यावरून दिसते. 1922 ची शाळा हे त्या अपमानाला दिलेले उत्तर आहे.

जाईबाई एकट्या उगवल्या असे मात्र लिहू नये. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात 1848 मध्ये मुलींची शाळा काढली, ते उदाहरण होतेच. खुद्द नागपुरातही जमीन तयार झालेली होती. मोहप्याचे किसन फागोजी बनसोडे यांनी 1907 मध्ये नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढून या कामाला हात घातला होता. बनसोडे कवी, पत्रकार, छापखानेवाले आणि मजुरांचे कार्यकर्ते. 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' अशी त्यांच्या पत्रांची नुसती नावे वाचली तरी माणसाची जातकुळी कळते. 1920 च्या मे अखेरीस नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष कोल्हापूरचे शाहू छत्रपती, आणि मंचावर तरुण डॉ. आंबेडकर. त्याच वर्षी मध्य प्रांतात प्राथमिक शिक्षणाचा कायदाही झाला. त्याने स्थानिक संस्थांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा दिली. पण मुभा आणि सक्ती यांत किती अंतर असते हे नगरपालिकांचे कारभार पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको. मुलींना, त्यातून अस्पृश्यांच्या मुलींना, त्या मुभेचा लाभ मिळायला फार वर्षे जायची होती.

अशा हवेत जाईबाईंची शाळा उघडली आणि तिला नाव मिळाले संत चोखामेळ्याचे. त्या पिढीला हेच नाव सुचावे हे स्वाभाविक होते. चौदाव्या शतकातला हा महार संत ज्या देवळात शिरू शकला नाही त्याच्या महाद्वाराशी त्याची समाधी आहे. ज्याचा अभंग सगळ्यांना चालतो आणि जो स्वतः कोणाला चालत नाही, असा तो माणूस. मुलींच्या शाळेसाठी तर हे नाव आणखीच शोभणारे होते, कारण चोखोबांच्या घरात बायको सोयराबाई आणि बहीण निर्मळा याही अभंग रचणाऱ्या होत्या. विदर्भात त्या काळी वसतिगृहांना, वाचनालयांना, मंडळांना चोखामेळ्याचे नाव सर्रास दिले जाई. पुढे, विशेषतः 1956 च्या धम्मदीक्षेनंतर, विठ्ठलाच्या दारात तिष्ठणारा संत हा आदर्श नव्या पिढीला मानवेनासा झाला. जाईबाईंच्या पिढीने ते नाव लाचारीपोटी घेतले असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. खुद्द बाबासाहेबांनी 1948 मध्ये प्रसिद्ध झालेला 'द अनटचेबल्स' हा आपला ग्रंथ नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर चोखामेळ्याच्या स्मृतीला अर्पण केला आहे.

आता शाळेविषयी. शाळा काढणे हे एका दिवसाचे काम, मुली टिकवणे हे रोजचे. नागपूरच्या मिल कामगारांच्या वस्तीतला दिवस भोंग्यावर चाले. आई आणि बाप दोघेही पाळीवर गेले की घरातली थोरली मुलगी हीच घरची कारभारीण. धाकट्या भावंडाला कडेवर घ्यायचे, नळावर नाहीतर विहिरीवर पाण्यासाठी नंबर लावायचा, चूल पेटवायची. सहा-सात वर्षांची पोर घरात कामाला येत असते, तिला शाळेत पाठवले की घराचा एक हात कमी होतो. मुलाच्या बाबतीत निदान नोकरीची आशा असते. मुलीला शिकवून काय करायचे, आणि शिकलेल्या पोरीला नवरा कोण देणार, या दोन प्रश्नांवर तोपर्यंतच्या सगळ्या सुधारकांची दमछाक झाली होती. जाईबाईंच्या पुढ्यात तिसराही होता. आपल्या पोरींना शाळेत घेते कोण? हा तिसरा प्रश्न त्यांनी स्वतःची शाळा काढून मोडीत काढला. पहिल्या दोन प्रश्नांसाठी त्यांना घरोघर जावे लागले.

या घरोघर जाण्याची साक्ष कौसल्या बैसंत्री यांच्या आत्मकथनात मिळते. कौसल्याबाई 1926 च्या. नागपूरच्या खलासी लाइन वस्तीत वाढल्या. आईवडील दोघेही एम्प्रेस मिलमध्ये कामाला. आजी तर त्याहून थोर. नवऱ्याचा जाच सोडून, लेकरे बरोबर घेऊन पायी नागपूरला आलेली आणि पुन्हा कधी न परतलेली बाई. मराठी घरातल्या कौसल्याबाईंनी आपली कहाणी हिंदीत लिहिली. 'दोहरा अभिशाप' या नावाने ती 1999 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि हिंदीतले दलित स्त्रीचे पहिले आत्मकथन म्हणून ती वाचली जाते. या पुस्तकात जाईबाई येतात त्या वस्तीत फिरणाऱ्या, आयांना मुली शाळेत घालायला पटवणाऱ्या बाई म्हणून. कौसल्याबाईंच्या आईच्या, भागीरथीबाईंच्या मनात हे बोलणे रुजले. वस्तीतल्या लोकांनी नावे ठेवली, तरी तिने आपल्या मुलींना शिकवले.

जाईबाईंच्या बोलण्याचे वजन कशात होते हे समजून घ्यायला हवे. त्यांच्याआधीही वस्तीत शिक्षणाची महती सांगणारे येऊन गेले असतील, पण ते सांगून निघून जाणारे. जाईबाई त्याच भाकरीच्या, त्याच पाण्याच्या, त्याच शिव्या खाल्लेल्या. भागीरथीबाईसारख्या मिलमधल्या बाईला त्यांच्याकडे पाहून एवढेच कळत असणार की आपल्यातलीच एक बाई, जिने ओझी वाहिली, ती आता शाळा चालवते. मग आपली पोर का नाही? व्याख्यानाने जे होत नाही ते असे नुसते डोळ्यांसमोर उभे राहिल्याने होते.

याच आत्मकथनात आणखी एक मुख्याध्यापिका भेटते आणि ती भेट विसरता येत नाही. पुढच्या शिक्षणासाठी कौसल्याबाई शहरातल्या एका नामांकित मुलींच्या शाळेत गेल्या. फी परवडणारी नव्हती. माफीची विनंती करायला वडील गेले. त्यांनी बाईंच्या पायांपाशी डोके टेकवले, पण थोडे अंतर राखून, कारण स्पर्श झाला तर विटाळ. फीची सवलत मिळाली, हेही नमूद करायला हवे. त्या बाई दुष्ट नव्हत्याच, किंबहुना चांगल्याच म्हणायला हव्यात. तरी एका शहरात, एकाच काळात, मुलींना शिकवणाऱ्या दोन मुख्याध्यापिका अशा होत्या की एकीच्या पायांपाशी पालकाला हातभर अंतर सोडून वाकावे लागे आणि दुसरी आपण होऊन पालकाच्या उंबरठ्यावर येई. शिक्षणाच्या इतिहासात दोघींचीही नोंद हवी, पण एकाच रकान्यात नको.

शिकणाऱ्या मुलींच्या वाट्याला काय येई हेही कौसल्याबाईंनी लिहून ठेवले आहे. सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलीला सवर्ण पोरांचे टोमणे ऐकावे लागत. आणि वस्तीत परतल्यावर आपल्याच लोकांचे कुजकट बोलणे असे, बापाच्या अंगावर धड कपडा नाही आणि पोरगी सायकलवर, या चालीवरचे. पुस्तकाच्या नावातला 'दोहरा' हाच, बाहेरचाही शाप आणि घरचाही. जाईबाईंच्या शाळेत निदान यातला एक शाप फाटकाबाहेर राहत होता.

जाईबाई नुसत्या शाळामास्तरीण राहिल्या नाहीत. 8 ऑगस्ट 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात दलितांची अखिल भारतीय काँग्रेस भरली, गोलमेज परिषदेला निघण्यापूर्वीची ही सभा. त्याच वेळी दलित स्त्रियांचीही परिषद झाली आणि जाईबाई तिथे मुलींच्या शिक्षणाबद्दल बोलल्या. त्या वर्षी शारदा कायदाही अंमलात आला होता. मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले होते. नवव्या वर्षी बोहल्यावर चढलेल्या बाईला या कायद्याचे मोल कोणी समजावून द्यायला नको होते.

डिसेंबर 1937 मध्ये मात्र जे घडले ते जाईबाईंच्या आयुष्यातला मिशनशाळेचा प्रसंग पुन्हा घडावा तसे होते. अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. ही संस्था 1927 मध्ये पुण्यात जन्माला आली ती मुळात स्त्रीशिक्षणाच्याच प्रश्नावर. पहिल्या परिषदेच्या अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. म्हणजे पंधरा वर्षे मुलींची शाळा चालवणाऱ्या जाईबाईंचे हे खरे तर माहेरच. त्या आणि त्यांच्याबरोबरच्या दलित कार्यकर्त्या तिथे गेल्या. भाषणे झाली, ठराव झाले, भगिनीभावाचे उल्लेख झाले असतील. जेवणाची वेळ आली तेव्हा दलित स्त्रियांची पाने वेगळी मांडली गेली.

आपल्याकडे भेदभाव व्यासपीठावर सहसा दिसत नाही, पंगतीत दिसतो. व्यासपीठावर सगळे समान असतात कारण तिथे फक्त बोलायचे असते. पंगतीत मात्र शेजारी कोण बसले, वाढपी कोण, पाणी कोणाच्या हातचे, हे सगळे उघडे पडते. ज्यांच्यापाशी शिक्षण होते, इंग्रजी होते, देशभर फिरण्याची ऐपत होती, अशा स्त्रियांच्या परिषदेत हे घडले, म्हणून ते जास्त झोंबले. मिशनशाळेतून मुले काढून घेणारे पालक निदान अडाणीपणाची सबब सांगू शकत होते.

या वेळी जाईबाई तरुण, एकट्या आणि चार रुपयांवर अवलंबून नव्हत्या. 1 जानेवारी 1938 रोजी नागपुरात दलित स्त्रियांची मोठी निषेध सभा झाली. तारीख पाहा, परिषदेचे मांडव पुरते निघालेही नसतील. तार, पत्रके, वर्तमानपत्रे यांच्या भरवशावर एवढ्या लवकर बायका गोळा होत नाहीत. त्या वस्ती-वस्तीतल्या ओळखीवर, उंबरठ्या-उंबरठ्यावर जाऊन उठलेल्या होत्या. मुलींना शाळेत आणण्यासाठी ज्या दारांशी वर्षानुवर्षे जाणे झाले होते, तीच दारे त्या दिवशी उघडली, असे मला वाटते. शाळेचा हजेरीपट आणि चळवळीची यादी या दोन्ही गोष्टी एकाच पायपिटीतून तयार होतात. या निषेधाने एक गोष्ट कायमची ठरवून टाकली. दलित स्त्रियांनी आपल्या प्रश्नांसाठी आपले व्यासपीठ स्वतः उभारायचे.

ते व्यासपीठ भरभरून दिसले जुलै 1942 मध्ये, नागपूरच्या मोहन पार्कवर. 18 ते 20 जुलै या तीन दिवसांच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. 20 तारखेला महिला परिषद भरली, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. उपस्थित बायकांचा आकडा त्या वेळच्या वृत्तांतांत सुमारे 25,000 दिलेला आहे. ऐन पावसाळ्यात, महायुद्धाच्या टंचाईत. ठराव वाचले की या बायका किती पुढचे पाहत होत्या ते कळते. बायकोला घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावे, गिरण्यांत आणि विडी कारखान्यांत काम करणाऱ्या बायांना रजा आणि भरपाई मिळावी, बायांच्या खात्यावर देखरेखीला बाईच असावी, मुलींसाठी सरकारी वसतिगृहे निघावीत, कायदेमंडळांत दलित स्त्रियांना जागा असाव्यात. हिंदू कोड बिलाच्या कितीतरी आधी हे ठराव नागपूरच्या मिलमजूर बायकांनी हात वर करून मंजूर केले. स्त्रियांची प्रगती किती झाली यावर मी समाजाची प्रगती मोजतो, असे बाबासाहेबांनी सांगितले ते याच मांडवात. हे वाक्य आता दर 14 एप्रिलला फलकांवर दिसते. ते जिथे उच्चारले गेले तिथल्या श्रोत्यांत पंधरा-वीस वर्षांपासून मुलींना पाटीवर अक्षरे गिरवायला लावणारे हातही होते, हे फलकावर मावत नाही.

नागपुरात मुलींचे पहिले स्वतंत्र महाविद्यालय 1932 मध्ये निघाले, सेंट्रल कॉलेज फॉर विमेन, म्हणजे आजचे एल.ए.डी. कॉलेज. साधा हिशेब करू. 1922 मध्ये जाईबाईंच्या शाळेत सहा वर्षांची म्हणून बसलेली मुलगी 1932 मध्ये सोळा वर्षांची होते. कागदावर ती मॅट्रिक होऊन कॉलेजच्या फाटकाशी पोचायला हवी. प्रत्यक्षात त्या वयाच्या बहुतेक मुली तोवर सासरी, नाहीतर मिलच्या रिळांवर नाहीतर विडीच्या सुपाशी. कोणी म्हणेल, मग शाळेने साधले काय? साधले ते एका पिढीनंतर दिसले. दोन इयत्ता शिकलेली आई आपल्या मुलीला मधेच शाळेतून काढताना दहादा विचार करते. पत्र वाचता येणारी बाई मिलच्या कारकुनाकडून फसत नाही. आणि मुलगी शिकते म्हणजे आभाळ कोसळत नाही हे वस्तीने एकदा पाहिले की पुढचीला वाट सोपी होते. पुढच्या पिढीत नागपूरच्या कुमुद पावडे संस्कृत शिकल्या, शासकीय महाविद्यालयात संस्कृतच्या प्राध्यापक झाल्या, आणि त्या वाटेवर खाल्लेल्या टक्क्याटोणप्यांबद्दल 1981 मध्ये 'अंतःस्फोट' लिहून मोकळ्या झाल्या. ज्यांच्या आज्यांना संस्कृत ऐकायचीही बंदी होती त्या समाजातली बाई संस्कृत शिकवू लागली. दीक्षाभूमीवर 1964 मध्ये डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभे राहिले. शिडी खालून वर बांधली जाते, आणि तिची सर्वांत खालची पायरी सगळ्यांच्या पायांखाली येत असल्याने ती फारशी कोणाच्या नजरेत येत नाही.

जाईबाईही फार वर्षे नजरेबाहेर राहिल्या. महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगताना 1848 नंतर पंडिता रमाबाईंचे 1889 चे शारदासदन येते, अण्णासाहेब कर्व्यांचे हिंगणे येते, 1916 चे महिला विद्यापीठ येते, आणि हे सगळे यायलाच हवे. पण ही यादी मुंबई-पुण्याबाहेर पडत नाही आणि विधवांच्या, वरच्या जातींच्या प्रश्नापलीकडेही क्वचितच जाते. कर्व्यांच्या संस्थेला देशातले आणि परदेशातले दाते मिळाले. जाईबाईंच्या मागे मिलमजूर आणि हमालांची वस्ती होती. हा फरक लक्षात घेऊन दोन्ही कामे तोलली तर नागपूरची ही शाळा अजिबात लहान ठरत नाही. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार या दोघींनी गावोगाव हिंडून, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना बोलते करून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक 1989 मध्ये सिद्ध केले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना त्यातून नावागावासह जागा मिळाली, आणि जाईबाई पुन्हा वाचकांसमोर आल्या. वसंत मून यांनी 'वस्ती' या आत्मकथनात 1930 आणि 40 च्या दशकांतल्या नागपूरच्या महारपुऱ्याचे जे चित्र काढले आहे, ते जाईबाईंच्या शाळेभोवतीचे जग समजायला अत्यंत उपयोगी पडते. ज्यांना या काळाची गोडी आहे त्यांनी 'दोहरा अभिशाप' धरून ही तिन्ही पुस्तके एकापाठोपाठ वाचावीत. एकात नसलेली हकीकत दुसऱ्यात सापडते.

न्यू कॉलनीत आज जाईबाई चौधरी ज्ञानपीठ या नावाची शाळा आहे. संतांच्या नावाने निघालेल्या शाळेची परंपरा तिच्या संस्थापिकेच्या नावाने पुढे चालावी, हे योग्यच झाले. आपल्याकडे शाळांना दात्याचे, आमदाराचे, फार तर राष्ट्रपुरुषाचे नाव मिळते. हमाली करून शिक्षिका झालेल्या बाईचे नाव फाटकावर असणे हा मान दुर्मीळ आहे, आणि तो पुरेपूर कमावलेला आहे.

जाईबाईंच्या कामाचे मोजमाप करताना त्यांच्यापाशी कोणती पदवी होती, असे कोणी विचारले तर त्याला उत्तर देण्याच्या भानगडीत पडू नये. प्राचार्यांना, मुख्याध्यापकांना आज प्रवेशासाठी आलेल्यांची रांग आवरावी लागते. जाईबाईंना रांग उभी करावी लागली, एकेका दारावर थाप मारून. माझ्या मते नागपूरच्या शैक्षणिक इतिहासात त्यांची जागा कुठल्याही कुलगुरूच्या मागे नाही.

ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्यांना एक विनंती. आपली आजी, पणजी किंवा मोठी आत्या चोखामेळा शाळेत चार दिवस का होईना बसली असेल, तर तिचे संपूर्ण नाव, माहेरची वस्ती आणि तिच्या तोंडून ऐकलेली शाळेची हकीकत एका कागदावर लिहून काढा. एखादा जुना दाखला किंवा फोटो असेल तर त्याची छायाप्रत त्या कागदाला जोडा. हा कागद शाळेत नेऊन द्या, आणि त्याची एक प्रत घरी मुलींच्या हवाली करा.